महापुरातली चिंच

मराठवाड्यातून बसने हैदराबादला जाणाऱ्या प्रवाशाला ‘इमलीबन’ हे नाव चांगले परिचयाचे असते. मुसी नदीच्या पात्रात, बेटासारख्या जागेवर जे मोठे बसस्थानक आहे, त्याचे अधिकृत नाव महात्मा गांधी बसस्थानक. परंतु रिक्षावाल्यापासून हमालापर्यंत सारे त्याला इमलीबन असेच म्हणतात. इमलीबन म्हणजे चिंचेचे बन. या नदीकाठी एके काळी चिंचांची राई असली पाहिजे, हे ते नावच सांगते. आज तेथे फलाट आहेत, गाड्यांची घरघर आहे, माणसांची अखंड ये-जा आहे. बन मात्र नावापुरते उरले आहे.

गावांची आणि मोहल्ल्यांची नावे ही एका अर्थी झाडांची दप्तरेच होत. वडोदरा नगरीचा ‘वटपद्रक’ असा उल्लेख इ. स. ८१२ मधील राष्ट्रकूटांच्या दानपत्रात आढळतो. त्या वेळी ते वडाचे नाव धारण करणारे एक खेडे होते. बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूंचे गाव. पुण्याजवळच्या चिंचवडाने तर चिंच आणि वड या दोघांनाही आपल्या नावात जागा दिली आहे. हैदराबादेतील मराठी माणसांच्या वहिवाटीचा जामबाग घेतला, तर तेथे जाम म्हणजे पेरू. नावे टिकतात, कारण ती टिकवण्यासाठी कोणाला काही खर्च करावा लागत नाही. झाड टिकवायचे तर जागा सोडावी लागते, आणि शहरात जागेइतकी महाग दुसरी वस्तू नाही.

श्रोतेहो, आज मी ज्या झाडाचा इतिहास आपणांस सांगणार आहे, ते या इमलीबनापासून फार दूर नाही. नदीच्या त्याच उत्तर काठावर, अफझलगंजात, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचा एक जुना वृक्ष उभा आहे. त्याचे वय तीनशे ते चारशे वर्षे असावे, असे लोक सांगतात. या झाडाने एका रात्री सुमारे दीडशे माणसांचे प्राण वाचवले. जुने झाड राखावे की तोडावे, हा वाद आपल्या प्रत्येक शहरात केव्हा ना केव्हा उभा राहतो. त्या वादात या चिंचेची साक्ष काढल्याशिवाय निवाडा करू नये, असे मला वाटते.

ती रात्र १९०८ सालच्या सप्टेंबर महिन्यातील होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा तो काळ. मुसी ही एरवी अंगावर धावून येणारी नदी नव्हे. अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावून हैदराबादच्या मध्यातून वाहणारा तो एक शांत प्रवाह. वर्षातले बरेच महिने पात्रात वाळू आणि खडकच अधिक दिसत. त्यामुळे घरे, बाजार, वखारी अगदी पाण्याच्या कडेपर्यंत येऊन भिडल्या होत्या. सप्टेंबरच्या अखेरीस वरच्या खोऱ्यात असा पाऊस कोसळला की, डोंगरउतारावरचे तलाव एकामागून एक फुटू लागले. खोऱ्यातील दोनशेहून अधिक लहानमोठे तलाव त्या पावसात फुटले, आणि एका तलावाचे पाणी खालच्या तलावाचा बांध घेऊन पुढे निघाले. २८ सप्टेंबरच्या पहाटेपर्यंत नदीने दोन्ही काठांवरील वस्ती गिळली होती. अफझल पूल, मुसल्लमजंग पूल आणि चादरघाटचा पूल हे तीन पूल पडले; एकटा पुराणा पूल तेवढा टिकून राहिला. अफझलगंजात पाणी अकरा फुटांपर्यंत चढले. हजारो घरे जमीनदोस्त झाली. मृतांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास होती असे सामान्यतः मानले जाते. याहून पुष्कळ मोठे आकडेही त्या काळी लोकांच्या तोंडी होते.

अफझलगंजात त्या वेळी नदीकाठी एक बाग होती. तीत ही चिंच होती. रस्त्यावर पाणी आले, मग अंगणात आले, मग छपरे चालू लागली, तेव्हा जवळपासच्या लोकांना उंच आणि स्थिर असे जे दिसले ते हे झाड. लोक त्यावर चढले. पोरे वर ओढून घेतली गेली. मातीची घरे विरघळत होती, चुनेगच्ची इमारती ढासळत होत्या, दगडी पूल वाहून गेले. पण चिंचेने मुळे सोडली नाहीत. पाणी उतरेपर्यंत जे फांद्यांना धरून राहिले ते सुमारे दीडशे लोक वाचले. उर्दूतील प्रसिद्ध कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या तिघीही त्या पुरात गेल्या. ते एकटे उरले आणि ते दुःख पुढे त्यांच्या काव्यात उतरले. त्या रात्री शहरात कोण वाचले आणि कोण गेले, हे पुष्कळदा हाताशी काय सापडले एवढ्यावरच ठरले.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावून घेतले. पुन्हा असा पूर येऊ नये म्हणून त्यांनी शहराच्या वर जलाशय बांधण्याची योजना आखून दिली. त्यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. सातव्या निजामांच्या कारकिर्दीत, १९१२ मध्ये, नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. दाटीच्या वस्त्या मोकळ्या केल्या गेल्या, काठ बांधून काढले गेले. अफझलगंजचे जुने रुग्णालय पुरात उद्ध्वस्त झाले होते; त्याच परिसरात उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची भव्य वास्तू उभी राहिली. तिची आखणी व्हिन्सेंट एश या वास्तुकाराने केली. या साऱ्या उलथापालथीत रस्ते बदलले, नदीकाठ बदलला, बागेचे रुग्णालय झाले. चिंच होती तेथेच राहिली. ज्या जागी लोक जीव वाचवण्यासाठी चढले, त्याच जागी पुढे जीव वाचवण्यासाठी इस्पितळ आले, हा योगायोग खरा. परंतु त्या योगायोगामुळेच झाडाला कुंपणाच्या आतला आसरा मिळाला हेही तितकेच खरे.

एवढ्या पुरात हे झाड का टिकले, हे समजून घेण्यासारखे आहे. चिंच सावकाश वाढते. तिचे सोटमूळ खोल जाते, बाजूची मुळे दूरवर पसरतात, आणि तिचे लाकूड इतके घट्ट असते की तेलाचे घाणे, मुसळे आणि गाड्यांच्या चाकांचे तुंबे यांसाठी आपले सुतार ते मुद्दाम निवडीत. वादळवाऱ्यात सहसा न मोडणाऱ्या झाडांत तिची गणना होते. हे सारे गुण पहिल्या दिवशी नसतात. रोप दहा वर्षांचे झाले तरी त्याच्या फांदीवर माणूस बसू शकत नाही. त्या रात्री झाडाच्या उपयोगी पडली ती त्याची दोन-तीन शतके. आणि ती शतके कोणी हेतुपुरस्सर साठवून ठेवलेली नव्हती. ज्याने हे रोप लावले, किंवा ज्याने आपोआप उगवलेले रोप उपटले नाही, त्याच्या मनात फार तर सावलीचा किंवा आंबट बोटकांचा विचार असेल.

चिंचेला वडापिंपळासारखे पूजेचे संरक्षणही नाही. वटसावित्रीला तिला कोणी सूत गुंडाळत नाही. उलट चिंचेवर भुते असतात, तिच्याखाली रात्री निजू नये, असेच आपण मुलांना सांगत आलो. तिला सांभाळले ते स्वयंपाकघराने. आमटीतला चिंचगूळ, हैदराबादी डालच्याची आंबट चव, उन्हाळ्याच्या तोंडी येणारा कोवळा पाला म्हणजे तेथील चिगुर, पोरींच्या खेळातले चिंचोके, तांब्यापितळेची भांडी घासण्याचा कोळ, एवढी कामे करणारे झाड तोडण्याआधी कोणीही दोनदा विचार केला असता. नवल म्हणजे ही चिंच आपण जितकी आपली समजतो तितकी मुळात आपली नव्हे. अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले, शास्त्रीय नावातही ‘इंडिका’ हे विशेषण बसले. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे मूळ उष्ण आफ्रिकेत मानतात. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातील प्रचंड गोरखचिंचही आफ्रिकेचीच. तिच्या बुंध्याचा घेर पंचवीस मीटरांहून अधिक भरतो, आणि तिच्या ढोलीत दरोडेखोर लपत अशी दंतकथा आहे. परदेशातून आलेले झाड चार पिढ्या सावली देते आणि मग ते गावचे होते. माणसांच्या बाबतीतही याहून निराळे काय घडते? गोदाकाठाहून, भीमाकाठाहून हैदराबादेत येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आजच्या प्रश्नाकडे वळू. रस्ता रुंद करायचा असतो, पूल बांधायचा असतो, जुना वाडा पाडून त्या जागी मजल्यांची इमारत उठवायची असते, आणि मध्ये एक झाड येते. तेव्हा उत्तर ठरलेले असते: एकाच्या बदल्यात आम्ही दहा लावू, शंभर लावू. हे उत्तर देणारे सारेच अप्रामाणिक असतात असे मी म्हणणार नाही. परंतु अफझलगंजच्या चिंचेपुढे उभे राहून तेच उत्तर देऊन पाहावे. २८ सप्टेंबरच्या रात्री त्या बागेत चिंचेच्या जागी तीनशे रोपे असती, तर दीडशे माणसांपैकी किती वाचली असती? रोपांची संख्या वाढवता येते. गेलेले वय कोणत्याही अंदाजपत्रकात घालून परत आणता येत नाही. जुन्या वृक्षाचे मोल त्याच्या वयात असते, आणि भरपाईच्या हिशेबातून नेमके तेच निसटते.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे, कर्नाटकात १९७६ चा, गोव्यात १९८४ चा, मध्य प्रदेशातील शहरांसाठी २००१ चा. तेलंगणात पाणी, जमीन आणि वृक्ष यांचा एकत्र विचार करणारा २००२ चा कायदा चालतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले. असे झाड तोडणे भागच पडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावी आणि ती सात वर्षे सांभाळावी, असेही त्यात ठरले. वयाला प्रथमच कायद्याच्या भाषेत जागा मिळाली, हे पाऊल मोठे आहे. तरी चिंचेच्या मानाने पन्नास वर्षे म्हणजे ऐन तारुण्यच. आणि सात वर्षे सांभाळलेले रोप म्हणजे तर पाळण्यातले मूल.

झाडाची किंमत रुपयांत सांगण्याचाही प्रयत्न झाला आहे. पश्चिम बंगालमधील जेसोर रोडवरील साडेतीनशेहून अधिक जुन्या झाडांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने २०२१ मध्ये असे सुचवले की, झाडाच्या वयाच्या दर वर्षामागे चौऱ्याहत्तर हजार पाचशे रुपये धरावे. या हिशेबाने तीनशे वर्षांच्या झाडाची किंमत दोन कोटी साडेतेवीस लाख रुपये होते. आकडा ऐकून आपण चकित होतो, आणि त्या चकित होण्यात थोडा फायदाही आहे. अंदाजपत्रकात शून्य लिहिण्याऐवजी निदान काही तरी लिहिले जाते. परंतु झाडाला धरून बसलेल्या त्या दीडशे लोकांच्या घरी जाऊन हा आकडा सांगितला असता, तर त्यांनी तो फारच थोडा ठरवला असता. त्या वादात अखेर २०२३ मध्ये पुलांसाठी झाडे तोडण्याची परवानगी मिळाली. कायदा आणि किंमत ही दोन्ही साधने हाती असूनही झाड वाचतेच असे नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हैदराबादहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चेवेल्ल्याच्या परिसरात, दुतर्फा सुमारे नऊशे वड आहेत. या रस्त्याचे रुंदीकरण आणि हे वड यांचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे काही वर्षे चालला. बहुतेक वड जागीच राखून रस्ता करण्याचा मार्ग निघत होता, तोच नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अरुंद रस्त्यावर प्रवासी बस आणि खडीने भरलेला ट्रक यांची टक्कर होऊन अनेकांचे प्राण गेले. ज्यांच्या घरचे माणूस त्या बसमध्ये होते, त्यांना वडाच्या सावलीचे वर्णन ऐकवणे क्रूरपणाचे होईल. रस्ता सुरक्षित झालाच पाहिजे. मात्र वड जागी ठेवून दुसऱ्या बाजूने रस्ता नेता येतो, हे वाद संपता संपता जे उमगले, ते आखणीच्या पहिल्या दिवशीच कागदावर आले असते, तर ही वर्षे वाचली असती. झाड वाचवू पाहणारा आणि माणूस वाचवू पाहणारा हे परस्परांचे शत्रू नव्हेत. झाडाचा विचार शेवटी होतो, म्हणून ते तसे दिसू लागतात.

आणि झाड वाचले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय वाचलेले असते? सांगली जिल्ह्यातील भोसे येथे सुमारे चारशे वर्षांचा म्हणून नावाजलेला वड होता. २०२० मध्ये महामार्गाच्या कामात तो जाणार, असे दिसताच गावकरी आणि वृक्षप्रेमी त्याच्याभोवती उभे राहिले. बातमी मुंबई-दिल्लीपर्यंत गेली आणि रस्ता बाजूने नेण्याचे ठरले. मोठा विजय होता तो. परंतु २०२२ मध्ये तो वड कोसळला. वय, वारा, पाऊस आणि माती यांपैकी कोणाचा वाटा किती, याचा निकाल मी येथे देणार नाही. एवढे मात्र स्पष्ट आहे की, नकाशावरची रेघ सरकली म्हणजे झाडाचे रक्षण संपत नाही. ते त्या दिवशी सुरू होते.

कारण शहरातले झाड कुऱ्हाडीने मरते त्याहून अधिक वेळा ते जमिनीखाली मरते. आपण बुंध्याकडे पाहतो आणि झाड तेवढेच आहे असे समजतो. त्याची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या दोनेक फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. त्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पदपथाच्या फरशा आणि काँक्रीट बुंध्याला भिडवले की पाणी मुरत नाही, हवा जात नाही. मग गटारासाठी एक चर खणला जातो, विजेच्या तारेसाठी दुसरा, नळासाठी तिसरा. प्रत्येक वेळी एका बाजूची मुळे तुटतात. झाड लगेच वाळत नाही. ते चार-पाच पावसाळे काढते, आणि एका वादळात उन्मळून पडते. दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, म्हातारे झाड होते, पडले. दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. एक मीटर ही फार मोठी सवलत नव्हे, तरी तेवढीही आपल्या गल्लीतील किती झाडांना आहे, हे आपण घराबाहेर पडून मोजू शकतो.

कधीकधी झाड प्रेमानेही संपते. ग्वाल्हेरला तानसेनाच्या समाधीजवळची चिंच सर्वांना ठाऊक आहे. तिची पाने चघळली असता गळा गोड होतो, या श्रद्धेने येणाऱ्या गायकांनी पिढ्यानपिढ्या ती ओरबाडली. मूळ झाड कधीच गेले. त्या जागी आता दुसरी चिंच वाढली आहे. प्रत्येकाने एकच पान घेतले असेल, आणि प्रत्येकाला ते हक्काचे वाटले असेल. याउलट उदाहरण हैदराबादच्या दक्षिणेकडे, महबूबनगरजवळ आहे. तेथील ‘पिल्ललमर्री’ हा तीन एकरांहून अधिक जागेवर पसरलेला वड सुमारे सातशे वर्षांचा समजला जातो. वाळवीने तो पोखरला आणि २०१७ च्या डिसेंबरात त्याची एक मोठी फांदी कोसळली. तेव्हा वनखात्याने लोकांचे येणे बंद केले, फांद्यांना आधाराचे खांब दिले, आणि रुग्णाला सलाईन लावावे तशा बाटल्या टांगून थेंब थेंब औषध लाकडात सोडले. झाडाने ते साहिले आणि पुन्हा पालवी धरली. म्हातारे झाड आजारी पडले तर त्याला कापायचे की त्याचा इलाज करायचा, या प्रश्नाचे एक उत्तर तेथे मिळते. मात्र त्यासाठी ते आजारी आहे, हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते.

हे लक्षात येणे, हाच माझ्या मते साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. सरकारी दप्तरात झाडांची गणना होते. अमुक प्रभागात अमुक इतकी झाडे, असा आकडा मांडला जातो. गणनेतले प्रत्येक झाड दुसऱ्यासारखेच असते. शेजाऱ्याला मात्र झाड ओळखता येते. यंदा पालवी उशिरा आली, या बाजूची डहाळी सुकली, बुंध्याला भुकटी दिसते, कोणीतरी खिळे ठोकून फलक लावला, चहाच्या गाडीवाला उकळते पाणी मुळाशी ओततो, हे ज्याला रोज दिसते तोच वेळेवर बोलू शकतो. अफझलगंजची चिंच एवढी वर्षे राहिली, कारण तिच्याविषयी बोलणारे लोक राहिले. दरवर्षी २८ सप्टेंबरला शहरातील काही नागरिक आणि इतिहासाचे अभ्यासक त्या झाडाखाली जमतात आणि पुरात गेलेल्यांचे स्मरण करतात. या स्मरणाने झाडाला एक साक्षीदारवर्ग मिळाला आहे. उद्या कोणी तेथे खणू लागला तर विचारणारे कोणी तरी आहे.

प्रत्येक झाडापाशी असा महापूर येऊन गेलेला नसतो, आणि येऊही नये. परंतु प्रत्येक जुन्या झाडाला काही ना काही इतिहास असतो, आणि तो सांगणारी माणसे आपल्याच घरांत म्हातारी होत आहेत. शाळेत मुलांना इतिहास शिकवताना आपण त्यांना दूरच्या लढायांच्या सनावळ्या पाठ करायला लावतो. त्याबरोबर एक लहानसे काम त्यांना द्यावे. आपल्या मोहल्ल्यातील सर्वांत जुने झाड शोधावे. जमिनीपासून साडेचार फूट उंचीवर बुंध्याभोवती सुतळी गुंडाळून तिची लांबी मोजावी, आणि तारखेसह वहीत लिहावी. झाड कोणत्या जातीचे, बुंध्याभोवती किती माती मोकळी आहे, ढोली आहे काय, तीत कोणी पाखरू राहते काय, हे टिपावे. मग आजी-आजोबांना आणि पलीकडच्या दुकानदाराला विचारावे की, या झाडाखाली काय काय घडले. अशी वही दरवर्षी पुढच्या वर्गाकडे सोपवली, तर दहा वर्षांत त्या गल्लीपाशी झाडाचा असा दाखला तयार होईल की, रस्त्याच्या आखणीपूर्वी तो नगरपालिकेच्या टेबलावर ठेवता येईल. हरकती व सूचना मागवल्याची नोटीस लागते तेव्हा मुदत थोड्या दिवसांची असते. त्या थोड्या दिवसांत पुरावा गोळा होत नाही, तो आधीच हाताशी असावा लागतो.

उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत २०२० च्या जुलैमध्ये पावसाचे पाणी शिरले आणि ती रुग्णांसाठी बंद करावी लागली. नव्या रुग्णालयाची पायाभरणी गोशामहल येथे जानेवारी २०२५ मध्ये झाली. जुन्या वास्तूचे पुढे काय करायचे, याची चर्चा शहरात बरीच झाली आहे, आणि ती व्हायलाही हवी. तो घुमट हैदराबादची शान आहे. त्या चर्चेत चिंचेलाही जागा हवी. वास्तूची डागडुजी करताना तिच्या मुळांवर वाळूखडीचे ढीग पडू नयेत, अवजड गाड्या तेथून जाऊ नयेत, तिच्याभोवतीची माती मोकळी राहावी, एवढे आराखड्यात एका ओळीत लिहिता येईल. ती ओळ लिहायला पैसे पडत नाहीत. ती नसेल तर मात्र नंतर कितीही पैसे पडले तरी उपयोग नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात, त्याच शेवटच्या आठवड्यात, मुसीला पुन्हा पूर आला. वरच्या दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले आणि इमलीबनचे बसस्थानक पाण्याखाली गेले. प्रवासी अडकले, गाड्या दुसऱ्या ठिकाणांहून सोडाव्या लागल्या. या वेळी १९०८ सारखा अनर्थ झाला नाही. धरणे होती, इशारे होते, सुटका करणारी पथके होती. यापुढे पुरात माणसांना झाडावर चढावे लागू नये, अशीच आपली सर्वांची इच्छा असणार. पण ज्या बनाच्या नावाने ते स्थानक ओळखले जाते, त्या बनातील झाडे एकेक करून गेली तेव्हा कोणाला काही फार मोठे हरवले असे वाटले नसेल. प्रत्येक वेळी ते एकच झाड होते, आणि प्रत्येक वेळी त्याच्या जागी येणारी वस्तू निकडीची होती. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आज जे झाड उभे आहे, तेही असेच एक झाड आहे. त्याच्या बुंध्याभोवती चार हात माती मोकळी करून घ्यावी आणि त्याचा घेर वहीत लिहून ठेवावा. सुरुवातीला एवढे पुष्कळ झाले.